रागावण्याऐवजी कौतुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकासाठी हे पान आहे. वर्गावरचे शिक्षक, क्लासचे सर, मैदानावरचे प्रशिक्षक, कारखान्यातले सुपरवायझर आणि अर्थात आईवडील. शिक्षकांच्या आणि सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा ते चहाच्या सुट्टीत, जरा बाजूला घेऊन विचारले जातात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

रागावल्याशिवाय माणूस सुधारत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. तो काय खोटा?

खोटा मुळीच नाही. काल झापलं, आज काम सुधारलं. परवा पाठ थोपटली, आज काम ढिलं पडलं. हे इतक्या वेळा डोळ्यांदेखत घडतं की रागावल्याने माणूस सुधारतो आणि कौतुकाने बिघडतो अशी खात्रीच होऊन बसते. मात्र त्या अनुभवाचा आपण लावलेला अर्थ चुकतो. तो कुठे चुकतो हे समजून घेणं मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

डॅनियल कानेमान हे मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. (२००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हेच.) शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो, असं त्यांनी सांगितल्यावर एक मुरलेला प्रशिक्षक उभा राहिला. त्याचं म्हणणं असं : विमानाची अवघड कसरत छान जमली म्हणून ज्याचं कौतुक करावं तो पुढच्या वेळी कमी पडतो, आणि वाईट कसरतीबद्दल ज्याच्यावर खेकसावं तो पुढच्या वेळी सुधारतो; तेव्हा शाबासकीच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. कानेमानांनी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला तिच्याकडे पाठ करून, न बघता, दोन नाणी टाकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेजवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं. ज्यांचं पहिलं लांब पडलं त्यांचं दुसरं बहुतेक जवळ आलं. मधल्या वेळात कुणी कुणाला रागावलं नव्हतं, की शाबासकी दिली नव्हती.

कुणाच्याही कामाची एक नेहमीची पातळी असते आणि रोजचं काम तिच्या वरखाली होत राहतं. कधी झोप झालेली नसते, कधी पेपर सोपा निघतो, कधी मशीनचं सेटिंग हललेलं असतं. आपण रागावतो ते सगळ्यांत वाईट दिवशी. त्यानंतरचा दिवस बरा जाण्याचीच शक्यता जास्त, आपण तोंड उघडलं नसतं तरीही. आणि पाठ थोपटतो ती सगळ्यांत चांगल्या दिवशी, म्हणजे पुढचा दिवस त्याहून कमी जाण्याचीच शक्यता जास्त. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. परिणाम असा होतो की रागावणाऱ्याला रोज आपण बरोबर असल्याचा पुरावा मिळत राहतो आणि कौतुक करणारा हिरमुसतो. पिढ्यान् पिढ्या घराघरांत जी समजूत टिकून राहिली, तिच्या मुळाशी बराचसा हा घोटाळा आहे असं माझं मत आहे.

यावर उपाय म्हणजे उद्याकडे बघू नका, दोन महिन्यांकडे बघा. ज्याच्यावर तुम्ही सतत रागावता, त्याची नेहमीची पातळी दोन महिन्यांत वर सरकली का? वहीत नोंद ठेवा आणि मग ठरवा.

म्हणजे रागावण्याचा काहीच परिणाम होत नाही, असं म्हणता?

होतो, पण टिकत नाही. एलिझाबेथ हरलॉक यांनी १९२५ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना रोज बेरजेची गणितं दिली. एका गटाचं वर्गासमोर नाव घेऊन कौतुक केलं, दुसऱ्याला वर्गासमोर बोल लावले, आणि तिसऱ्या गटाला त्याच वर्गात बसवून त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. सुरुवातीला कौतुकाचा आणि बोलणी खाणारा, दोन्ही गट सुधारले. नंतर बोलणी खाणाऱ्यांची सुधारणा ओसरली, कौतुक झालेल्यांची चालू राहिली.

प्रयोग जुना आहे, छोटा आहे, गणितंही साधी होती. त्याच्या आधारावर सगळं जग तोलू नये. तरी वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला त्यातलं चित्र ओळखीचं वाटेल. रागावण्याने लगबग सुरू होते, पण ती रागावणाऱ्याची पाठ वळेपर्यंतच चालते.

मी कुणाला रागावत नाही, उगाच कौतुकही करत नाही. चालेल ना?

नाही चालणार. त्याच प्रयोगात ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं त्यांची प्रगती बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही कमी होती. आपल्याकडे ‘काही बोललो नाही म्हणजे चांगलं आहे असं समज’ अशी पद्धत आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्यामागे समाधान असतं, पण ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण काय करतो याकडे कुणाचं लक्ष नाही.

आचरेकर सरांनी सचिनला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. तरी सचिन घडलाच ना?

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकर यांनी स्वतः सांगितलं की गेल्या २९ वर्षांत सरांनी एकदाही आपल्याला ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही, कारण मी सुस्तावेन असं त्यांना वाटायचं.

पण त्याच भाषणात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण विसरतो. सरावाचे सामने जास्तीत जास्त मिळावेत म्हणून सर या मुलाला स्वतःच्या स्कूटरवर बसवून मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत होते. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करेल त्याला ते मिळणार, कुणालाच जमलं नाही तर सचिनला. अशी जिंकलेली तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली. दिवसभर दमलेल्या मुलासाठी स्टंपवर नाणं ठेवणारा माणूस न बोलता काय सांगत होता? तुला बाद करणं ही मोठी गोष्ट आहे, हेच ना? शब्द नव्हते, पण दखल होती, रोजची होती आणि अगदी नेमकी होती.

सर रागावल्याचाही एक प्रसंग तेंडुलकरांनी जाहीरपणे सांगितला आहे. सरांनी लावलेला सरावाचा सामना बुडवून ते वानखेडेवर शाळेच्या दुसऱ्या संघाची मॅच बघायला गेले. सरांना कळल्यावर त्यांनी चांगलंच खडसावलं. सांगितलं काय, तर दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला येतील. हे वाक्य नीट वाचा. त्यात झापणं आहे, पण ‘तुझी लायकी नाही’ हा सूर त्यात कुठेही नाही. उलट एवढ्याशा मुलाबद्दलची केवढी मोठी अपेक्षा त्यात आहे.

आचरेकर सरांचं न बोलणं उचलायचं आणि त्यांची स्कूटर सोडून द्यायची, असं आपण करतो. तुमच्या विद्यार्थ्यासाठी तुम्ही तेवढं करत असाल, तर तोंडाने कौतुक नाही केलं तरी त्याला ते कळेल. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं.

आणखी एक गोष्ट. ‘मला वडिलांनी बडवून काढलं म्हणून मी आज इथे आहे’ असं सांगणारे आपल्याला भेटतात, कारण ते ‘इथे’ पोचले. त्याच बडवण्याने शाळा सोडलेले, गणिताचं पुस्तक पुन्हा कधी न उघडलेले, मैदानाकडे न फिरकलेले सभेत बोलायला येत नाहीत.

कौतुक केलं की पोरं शेफारतात, डोक्यावर बसतात. त्याचं काय?

कौतुक कशाचं केलं यावर ते अवलंबून आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. नंतर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलेली दिसते. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, सगळ्यांनाच ती जड गेली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्यांची कामगिरी आधीपेक्षा खाली आली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची वर गेली. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. आपल्याला किती गुण पडले हे दुसऱ्या मुलांना कळवताना ‘हुशार’ गटातल्या बऱ्याच मुलांनी गुण वाढवून सांगितले. एकदा हुशार ठरल्यावर चूक कबूल करायची सोय उरत नाही. या विचाराभोवती नंतर जेवढा गाजावाजा झाला तेवढा मोठा परिणाम पुढच्या मोठ्या अभ्यासांत दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण माणसाऐवजी कामाबद्दल बोलावं, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

फुगवलेल्या कौतुकाचंही असंच. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमान आणि सहकाऱ्यांनी मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढायला सांगितली. ‘सुंदर’ एवढंच ऐकलेल्या आणि ‘विलक्षण सुंदर’ असं ऐकलेल्या मुलांना मग पुढचं चित्र निवडायला दिलं. ज्या मुलांना आधीच स्वतःबद्दल फारसा विश्वास नव्हता, त्यांनी ‘विलक्षण’ ऐकल्यावर अवघड चित्र टाळलं. एवढ्या उंचीवर बसवल्यावर पडायची भीती वाटणारच. आणि नेमक्या अशाच मुलांना धीर द्यायला आपण मोठमोठी विशेषणं वापरतो.

मग नेमकं बोलायचं तरी काय?

जे दिसलं ते सांगायचं. यापेक्षा वेगळं तंत्र नाही, पण ते वाटतं तितकं सोपंही नाही, कारण आधी बघावं लागतं.

“गणितात हुशार आहेस” याच्या ऐवजी : “बाकीच्यांनी समीकरण सोडवून टाकलं, तू उत्तर परत घालून पडताळून पाहिलंस.”

“निबंध मस्त” याच्या ऐवजी : “आजीच्या हातांचं वर्णन केलंयस ना, तिथे मी थांबून दोनदा वाचलं.”

“गुड जॉब” याच्या ऐवजी : “शिफ्ट संपताना पुढच्या ऑपरेटरसाठी टूल बदलल्याची नोंद करून ठेवलीस, त्यामुळे सकाळी एकही पीस रिजेक्ट झाला नाही.”

“स्वयंपाक छान” हेही रोजचंच झालं की कानावरून जातं. “आज आमटीला फोडणी वेगळी दिली होतीस का?” असं विचारलं तर खाणाऱ्याचं लक्ष होतं हे कळतं.

या वाक्यांमध्ये माहिती आहे. ऐकणाऱ्याला कळतं की आपण केलेल्या पन्नास गोष्टींपैकी नेमकी कोणती उद्या पुन्हा करायची. ‘शाब्बास’ ऐकून बरं वाटतं, पण कशाबद्दल शाब्बास हे न कळल्यामुळे ते पुन्हा कसं मिळवायचं ते समजत नाही. आणि नेमकं कौतुक खोटं करता येत नाही. वही न बघता ते बोलताच येत नाही, त्यामुळे मुलांचा त्यावर विश्वास बसतो. मुलांना खोटं कौतुक फार लवकर ओळखू येतं. मोठ्यांना तर त्याहून लवकर.

एक धोक्याची जागा : “बघा, मीराने कसं केलं, नाहीतर तुम्ही!” हे मीराचं कौतुक नाही. ते बाकीच्या चाळीस जणांना बोलणं आहे आणि मीराला त्याचे परिणाम मधल्या सुट्टीत भोगावे लागतात.

चुका दाखवायच्याच नाहीत का?

दाखवायलाच हव्यात. चूक न दाखवणं हा मला तर अपमान वाटतो. ‘याच्याकडून याहून जास्त होणार नाही’ असं आपण मनात ठरवून टाकलं की मग आपण चुका दाखवणं सोडतो.

अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायांवर झालेले शेकडो अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खराब झालं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की घसरण होते. “इथे हातचा घ्यायचा राहिला” ऐकून मूल हातच्याकडे बघतं. “तुला कितीदा सांगायचं, डोकं आहे की खोकं?” ऐकून ते स्वतःच्या डोक्याचा विचार करत बसतं. हातचा राहतोच.

चूक दाखवण्याआधी एक वाक्य फार उपयोगी पडतं. जेफ्री कोहेन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांचे भरपूर शेरे तर दिलेच, सोबत काहींना एक चिठ्ठी लावली : तुझ्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत. चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी कितीतरी जास्त मुलांनी निबंध दुरुस्त करून परत आणला. विशेषतः ज्या कृष्णवर्णीय मुलांना शिक्षक आपल्याला कमी लेखतात अशी शंका असायची, त्यांच्यात हा फरक मोठा होता. शेरे तेवढेच कडक होते, फक्त ते कुठून आले आहेत हे मुलांना कळलं. आचरेकर सरांचं टाळ्यांचं वाक्य आठवून बघा.

आपल्याकडे ज्या मुलांच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचतंय, त्यांच्या वहीतल्या लाल शेऱ्यांबरोबर अशी एक ओळ जायलाच हवी, असं मला कळकळीने वाटतं.

आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक : हे ‘सँडविच’ वापरू का?

नको. दोन-तीन वेळा वापरलं की समोरचा पहिलं कौतुक ऐकतच नाही, ‘पण’ कधी येतो याची वाट बघत बसतो. पुढे तुम्ही मनापासून केलेल्या कौतुकावरही त्याचा विश्वास राहत नाही. चूक सांगायची तेव्हा चूक सांगा, कौतुक करायचं तेव्हा कौतुक करा. दोन्हींसाठी वेगळा वेळ काढा.

एका टीकेमागे तीन किंवा पाच कौतुकं हवीत, असं प्रमाण सांगतात. खरं आहे का?

कामाच्या जागेसाठी असा कुठलाही सिद्ध झालेला आकडा नाही. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्शियल लोसाडा यांनी २००५ मध्ये २.९०१३ असं चार दशांश स्थळांपर्यंत प्रमाण दिलं होतं. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागचं गणित निराधार असल्याचं दाखवलं. पाचास एक हे प्रमाण जॉन गॉटमन यांच्या नवराबायकोंच्या संवादावरच्या कामातून आलं आहे, तुमच्या शॉपफ्लोअरशी त्याचा संबंध नाही. बोटं मोजून कौतुक करू नका.

कारखान्यात एक चूक म्हणजे हजारोंचं स्क्रॅप. तिथे गोड बोलून कसं भागणार?

तिथेच सर्वांत जास्त भागतं, आणि कारण व्यवहाराचं आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटात औषधांच्या चुका कमी होत असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. ज्या गटांत वातावरण चांगलं, तिथे चुकांच्या नोंदी जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की त्या गटांत माणसं चूक झाली तर सांगत होती. जिथे वरिष्ठ फैलावर घेत, तिथे चुका झाकल्या जात होत्या.

तुमच्या लाईनवर हेच होतं. एखाद्या पोऱ्याने व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) चुकीचा वाचला आणि दहा पीस गेले. मागच्या वेळी सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा झाला असेल, तर तो ते दहा पीस चांगल्यांच्या ढिगात सरकवेल आणि तुम्हाला ते ग्राहकाच्या तक्रारीतून कळतील. तो स्वतःहून येऊन “साहेब, माझ्याकडून गडबड झाली” म्हणाला, तर पहिलं वाक्य “लगेच सांगितलंस ते बरं केलंस” हेच असायला हवं. त्यानंतर व्हर्निअर कसा वाचायचा ते परत शिकवा, नुकसानीचा आकडाही सांगा. पण पहिलं वाक्य चुकवू नका, कारण आजूबाजूचे दहा कान तेच ऐकायला टवकारलेले असतात.

कुणी चालू मशीनमध्ये हात घालत असेल तर?

ओरडा. जीव वाचवताना शब्द निवडत बसायचं नसतं. तो बाजूला झाला, श्वास घेतला, मग शांतपणे समजावा.

कामचुकारांचं काय? त्यांचंही कौतुक करायचं?

त्यांना नियम आधीच सांगितलेले असावेत आणि नियम मोडल्यावर ठरलेली कारवाई व्हावी. बाजूला घेऊन, आवाज न चढवता, तारखांसह बोला : “या महिन्यात पाच वेळा उशीर झाला. असंच राहिलं तर पगार कापला जाईल.” आणि मग खरोखर कापा. खूप आरडाओरडा आणि कारवाई शून्य, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. सहा महिन्यांत त्याची सवय होते आणि ओरडणाऱ्याचं फक्त ब्लडप्रेशर वाढतं.

बोलण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. तो चुकारपणा करतोय, की त्याला काम जमत नाही आणि ते लपवतोय? वर्गातली खोडकर मुलं बऱ्याचदा न येणारा धडा लपवत असतात.

माझ्या हाताखालचे लोक माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्यांना शाबासकी कशी देऊ?

शाबासकी देऊच नका, ती वरून खाली जाते. त्यांना विचारा. “काका, हा बेअरिंगचा आवाज तुम्ही नुसत्या कानाने कसा ओळखता? मला जरा दाखवाल का?” तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता? आणि दाखवलेलं खरंच शिकून घ्या. पुढे कधी साहेबांसमोर “हे मला काकांनी शिकवलं” असं त्यांच्या उपस्थितीत म्हणालात, तर ते तुमच्यासाठी जीव तोडून काम करतील.

शब्दांपेक्षा बक्षीस दिलं तर?

जपून. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या अशा मुलांना घेतलं, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिलं तर याच मुलांचा आपणहून चित्र काढण्यातला वेळ निम्म्यावर आला होता. ज्यांना अचानक, न सांगता प्रमाणपत्र मिळालं त्यांच्यात ही घसरण नव्हती. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने आवडीचं काम मजुरीचं होऊन जातं.

भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर चालवणारे गिजुभाई बधेका शिक्षेच्या जितके विरोधात होते तितकेच बक्षिसाच्याही होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे आपल्याकडे बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांत अंगणवाडी नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा नेली. जी मुलं शाळेत येत नाहीत त्यांना आळशी म्हणून हिणवण्याऐवजी शाळाच त्यांच्यापाशी नेणं, ही मला या सगळ्या विचाराची फार मोठी पायरी वाटते.

‘निंदकाचे घर असावे शेजारी’ ही म्हण मग काय सांगते?

ती म्हण ऐकून घेणाऱ्यासाठी आहे. टीका होईल तेव्हा ती पचवण्याची तयारी मी ठेवावी, एवढं ती मला सांगते. शेजाऱ्याने निंदा करत सुटावं अशी परवानगी त्यात नाही. आपण तिचा वापर स्वतः टोमणे मारल्यावर समोरच्याला गप्प करायला करतो. हाताखालच्या माणसाला तर शेजार बदलण्याची मुभाही नसते.

शाळेत रागावण्यावर कायद्याने बंदी आहे का?

रागावण्यावर नाही, पण मारण्यावर आणि मानसिक छळावर आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्यांचा मानसिक छळही करता येत नाही. उल्लंघन केल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. कमी गुण पडलेल्यांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

कौतुक केलं की दृष्ट लागते, असं घरात म्हणतात.

मग मीठमोहऱ्या ओवाळा, पण कौतुक करा. आजीला दुखवायची गरज नाही.

मला तोंडावर चांगलं बोलताच येत नाही. ओशाळल्यासारखं होतं.

खूप जणांचं असं असतं, विशेषतः वडिलांचं. लिहून द्या. वहीच्या समासात दोन ओळी, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, रात्री पाठवलेला एक मेसेज. शिक्षक असाल तर घरी फोन करा. शाळेतून फोन आला की आपल्याकडे पालकांचं पहिलं वाक्य असतं, “आता काय केलं याने?” त्यावर “काही नाही, आज त्याने नवीन आलेल्या मुलाला सगळी शाळा दाखवली, ते सांगायला फोन केला” असं सांगून बघा.

रागाच्या भरात फार बोलून गेलो. आता?

माफी मागा. “पण तूही…” न जोडता. चारचौघांत बोलला असाल तर माफीही चारचौघांत मागा. शिक्षकाने मुलाची माफी मागितली म्हणून वर्ग हाताबाहेर जात नाही.

एखाद्याचं काहीच धड नसतं. त्याचं कौतुक कशाचं करायचं?

शंभरातले अकरा गुण पडलेला पेपर घ्या आणि तो अकरा गुणांच्या बाजूने वाचा. हे अकरा कुठून आले? बहुधा असं दिसेल की बेरीज-वजाबाकी येते, पाढे सातपर्यंत येतात, भागाकाराची मांडणी बरोबर आहे आणि आठचा पाढा लागला की गाडी अडते. “भागाकाराची रीत तुला पूर्ण येते, फक्त आठ आणि नऊचे पाढे राहिलेत” हे त्या मुलाला कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत असेल. यात खोटं काहीच नाही, आणि पुढे काय करायचं तेही त्यातच आलं. नापास म्हणून शिक्का मारणाऱ्याने एकोणनव्वद गुण मोजले, पण अडचण शोधली नाही.

फरक दिसायला किती वेळ लागतो?

सुरुवातीला उलटंच होईल. आजवर फक्त रागावणाऱ्या माणसाने अचानक चांगलं बोलायला सुरुवात केली, की समोरच्याला शंका येते : याला काय काम काढून घ्यायचं आहे? काही जण मुद्दाम चूक करून तुम्ही पूर्वीसारखे भडकता का ते बघतील. तेव्हा भडकलात तर सगळं पहिल्यापासून. टिकून राहिलात तर पहिला फरक गुणांत किंवा उत्पादनात दिसत नाही, प्रश्नांत दिसतो. “सर, हे कळलं नाही, परत सांगा ना” असं म्हणणारे हात वर येऊ लागतात. सुपरवायझर असाल तर बिघाडाची बातमी तुम्हाला दुपारऐवजी सकाळीच कळू लागते. त्या टप्प्यावर “एवढंही येत नाही?” हे वाक्य तोंडातून निघणार नाही, याची तेवढी काळजी घ्या.